कारखान्याच्या आवारात मागे येणारी गाडी आणि छत्रीखालचा माणूस

खाडीकाठ (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात पाळी पर्यवेक्षक आहे. आमच्या आवाराची फेरमांडणी करण्यासाठी व्यवस्थापनाने यंदा प्रथमच पैसे मंजूर केले आहेत आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत ते काम उरकायचे आहे. हात घालण्यापूर्वी जाणकारांचे ऐकून घ्यावे, म्हणून हा धागा काढतो आहे.

पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. गेल्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नसतील, बर्फ घेऊन आलेला टेम्पो मागे येत असताना कामावर येणाऱ्या एका ताईंच्या पायावरून त्याचे चाक गेले. घोट्याजवळचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि त्या पाच महिने घरी होत्या. चौकशीच्या कागदावर ‘पायी चालणाऱ्या कामगाराचे लक्ष नव्हते’ असे कारण लिहिले गेले. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

पुढच्याच आठवड्यात तसाच पाऊस लागला असताना मी सकाळी पावणेआठला छत्री घेऊन त्याच वाटेने चालून पाहिले. आमचे फाटक रस्त्याच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला आहे. त्यामुळे आत येणारा माणूस समुद्राकडे तोंड करून चालतो आणि नैर्ऋत्येचा वारा थेट अंगावर घेतो. छत्री पुढे कलती धरल्याशिवाय गत्यंतरच नसते. तिच्या कडेखालून मला माझी पावले आणि त्यांच्यापुढचे हातभर पाणी एवढेच दिसत होते. डावीकडे बर्फ फोडण्याचे यंत्र चालू होते, त्याच्या आवाजात मागे येणाऱ्या गाडीचा भोंगा दहा पावलांवरही ऐकू येत नव्हता. टेम्पोच्या आरशांवरून पाणी वाहत होते, आणि अपघाताच्या दिवशी क्लीनर भिजू नये म्हणून केबिनमध्येच बसलेला होता, हे मला आठवले. म्हणजे त्या ताईंना गाडी दिसणे शक्य नव्हते, चालकाला त्या दिसणे शक्य नव्हते आणि दोघांच्या वतीने पाहणारे तिसरे कोणीच नव्हते. ज्या जागी लक्ष देऊनही काही दिसत नाही, त्या जागी लक्ष नव्हते असे लिहिणे खोटे आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

आवार असे आहे. सहा मीटर रुंदीचे एकच फाटक. त्यातूनच बंदरावरून येणारे मासळीचे टेम्पो, बर्फाच्या गाड्या, निर्यातीचे शीतकंटेनर, कामगारांच्या दुचाक्या आणि पायी येणाऱ्या सुमारे दीडशे स्त्रिया आत येतात. पाळी बदलण्याची वेळ आणि बंदरावरून मासळी येण्याची वेळ जवळजवळ एकच आहे. अशा जागेत पहिला रुपया कशावर खर्च करावा?

सुरंगी

खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या सुरक्षा विभागात माझी सव्वीस वर्षे गेली आणि आता मी निवृत्त आहे. तुम्ही छत्री घेऊन त्या वाटेने चाललात, ही त्या सहीच्या कागदापेक्षा खरी चौकशी आहे. पिवळे पट्टे मारण्याआधी आणखी दोन दिवस अशाच कामात घाला. फाटकाच्या शेजारी उंच जागी बसा, आवाराचा नकाशा कागदावर काढा आणि माणसे प्रत्यक्षात कुठून चालतात ते एका रंगाने, गाड्या कुठे वळतात व कुठे मागे येतात ते दुसऱ्या रंगाने दाखवा. दोन्ही रंग जिथे एकमेकांवर चढतील तिथे तुमचा पहिला रुपया जाऊ द्या.

गाडी मागे घ्यावी लागणे हाच मुळात मांडणीतला दोष समजावा. आवारात प्रदक्षिणेसारखी एकमार्गी वाट बसत असेल तर ती आधी बसवा, मग त्यासाठी एखादी जुनी शेड पाडावी लागली तरी चालेल. ती बसतच नसेल तर मागे घेण्याची जागा एकच ठरवा आणि तिला असे कुंपण घाला की तिथे पायी माणूस शिरूच शकणार नाही. पायवाट वेगळी करताना नुसत्या रंगावर किंवा दोरीवर भागवू नका. रंग पहिल्या पावसाळ्यात चिखलाखाली जातो आणि दोरी कोणीतरी पहिल्याच दिवशी खाली घालून ओलांडतो. काँक्रीटची उंच कड आणि कमरेएवढा लोखंडी कठडा असेल तर निष्काळजी चालकाची गाडीही तिथे अडते.

वेगाविषयी एक हिशेब कामगारांना तोंडपाठ करवून घ्यावा. ताशी १० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर सरकते. माणूस दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी पावणेतीन मीटर पुढे आलेली असते. वेग ताशी २० असेल तर हेच अंतर साडेपाच मीटर होते. मासळीच्या पाण्याने बुळबुळीत झालेल्या फरशीवर त्यानंतर गाडी आणखी किती घसरेल ते वेगळेच. म्हणून वेगमर्यादेचा फलक लावून थांबू नये, वेग घेताच येणार नाही अशी वळणे आणि उंचवटे ठेवावेत.

चमकणारी जाकिटे अवश्य द्या, पण सगळ्यात शेवटी. जाकीट पाहायला चालकाची नजर त्या दिशेला असावी लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्या जाकिटावर रेनकोट चढतो. द्यायचेच असेल तर चमकणाऱ्या पट्ट्यांचे रेनकोटच द्या.

एक शेवटचे. काँक्रीटचे काम मृगाआधी संपवा. बंदीचे ६१ दिवस कागदावर मोकळे दिसतात, पण आपल्याकडच्या जूनमध्ये ओतलेल्या कडेचा पृष्ठभाग पाऊस धुऊन नेतो.

दीपस्तंभ

मला वरील मांडणी एकांगी वाटते. आमच्या कारखान्यात पायवाट आहे, कठडा आहे, फलक आहेत, तरीही लोक मधूनच आडवे जातात आणि मोबाइलवर बोलत चालतात. दंड लावल्याशिवाय शिस्त येत नाही, असा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे. सगळा भार मांडणीवर टाकला तर माणसाची जबाबदारी कुठे उरते?

अबोली

दीपस्तंभ यांचा प्रश्न रास्त आहे. मात्र लोक मधूनच आडवे का जातात हे एकदा त्यांच्याबरोबर चालून पाहावे, अशी विनंती आहे. मी मासळी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि आमच्याकडेही आखलेली पायवाट रिकामी राहत असे. चौकशी केली तेव्हा कारण साधे निघाले. हजेरीचे अंगठा-यंत्र आवाराच्या पलीकडच्या टोकाला होते आणि पाच मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जात होती. एसटी उशिरा आली की बाईसमोर दोनच गोष्टी उरत, लांबची सुरक्षित पायवाट किंवा अर्ध्या दिवसाची मजुरी. त्यामुळे ती गाड्यांमधून पळत जात असे. त्यातच पायवाटेच्या मध्यावर पागोळ्यांचे पाणी साचायचे. यंत्र फाटकाशेजारी हलवले, पागोळ्यांना पन्हळ लावली आणि पळणे महिनाभरात जवळजवळ थांबले. एकालाही दंड करावा लागला नाही.

खाडीकाठ यांनी उघड्या आवाराविषयी लिहिले आहे, पण शीतगृहाच्या दाराकडेही त्यांनी तितक्याच काळजीने पाहावे. आत उणे १८ अंश आणि बाहेर आपली समुद्रकाठची दमट हवा. दार उघडले की धुक्याचा लोट बाहेर येतो, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा धूसर होतो आणि आतून बाहेर येणाऱ्या फोर्कलिफ्टच्या, म्हणजे पुढच्या काट्यांवर माल उचलणाऱ्या गाडीच्या, चालकाचा चष्माही त्याच क्षणी आंधळा होतो. अडीच टन उचलणारा फोर्कलिफ्ट स्वतःच साडेतीन-चार टनांचा असतो, आणि त्याची मागची चाके वळत असल्यामुळे वळताना त्याचा मागचा भाग अनपेक्षितपणे बाहेर फेकला जातो. त्याच्या बाजूला उभ्या माणसाला वाटते की गाडी पुढे निघाली, आणि तेवढ्यात मागचा भाग त्याच्याच अंगावर येतो. आमच्याकडे माणसांचे दार वेगळे केले आहे, आणि त्या दाराबाहेर लोखंडी आडवे नळ असे बसवले आहेत की बाहेर पडणाऱ्याला दोन पावले बाजूला वळल्याशिवाय वाहनाच्या वाटेवर पाऊल ठेवता येत नाही. फोर्कलिफ्ट पडद्याच्या आत पूर्ण थांबतो, भोंगा वाजवतो आणि मगच बाहेर येतो. त्याच्यापुढे चार-पाच मीटरवर जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवाही बसवला आहे. गोंगाटात भोंगा ऐकू आला नाही तरी छत्रीखालून किंवा टोपीखालून जमीन पाहणाऱ्या माणसाला तो ठिपका दिसतो.

समोर रचलेला माल चालकाच्या डोळ्यांच्या वर जात असेल तर गाडी उलट्या दिशेने, मागे वळून पाहत चालवायची, आणि काम संपल्यावर काटे जमिनीला टेकवून, किल्ली काढूनच उतरायचे, हे दोन नियम आमच्याकडे कसोशीने पाळले जातात. वितभर उंचीवर सोडलेल्या काट्यांवर नडगी फुटलेल्या दोघींना मी स्वतः पट्टी बांधली आहे.

आंबाघाट

माझे तीन ट्रक कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर आहेत आणि त्याआधी बारा वर्षे मी स्वतः गाडी चालवली आहे. चालकाच्या जागेवरून चार शब्द लिहितो.

रात्रभर घाट उतरून चालक पहाटे तुमच्या फाटकावर येतो. त्याला तुमचे आवार माहीत नसते, मागे कुठे लावायचे ते फाटकावर कोणी सांगत नाही, आणि तीन तास रांगेत थांबल्यावर एकदम ‘चल, लाव लवकर’ अशी घाई सुरू होते. बसायला जागा आणि संडास नसल्यामुळे तो आवारात इकडेतिकडे फिरतो. म्हणजे चालक स्वतःच पायी चालणारा माणूस होतो, आणि दुसऱ्या गाडीखाली सापडण्याची शक्यता त्याचीही असते. फाटकावर त्याच्या हाती आवाराचा एक साधा नकाशा द्या, बसायला एक छपरी द्या, आणि माल चढत-उतरत असताना गाडीची किल्ली धक्क्यावरच्या खिळ्याला टांगून ठेवायला सांगा. आत माणूस माल लावत असताना चालकाने गाडी काढली, असे प्रकार मी दोन ठिकाणी पाहिले आहेत. चाकाखाली जांभ्याचा तुकडा लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो ओला झाला की फुटतो आणि सरकतो, म्हणून कारखान्याने साखळीला बांधलेले पाचरीच्या आकाराचे ठोकळे धक्क्यावरच ठेवावेत.

आता थापेविषयी. गाडी मागे घेताना क्लीनर हौद्यावर थाप मारून इशारा देतो, आणि तिचा अर्थ गाडीगणिक बदलतो. काहींची एक थाप म्हणजे थांब. काहींची सलग थाप म्हणजे येऊ दे आणि थाप बंद झाली की थांब. मी माझ्या तिन्ही गाड्यांवर दुसरी पद्धत सक्तीची केली आहे, कारण पहिल्या पद्धतीत क्लीनर पाय घसरून पडला तर थांबण्याचा इशारा देणारा हातच उरत नाही. दुसऱ्या पद्धतीत तो पडला की थाप बंद होते आणि गाडी आपोआप थांबते. पावसाळ्यात ताडपत्रीवरच्या आवाजात थाप ऐकूच येत नाही, तेव्हा इशारा देणारा माणूस चालकाच्या बाजूच्या आरशात दिसत राहिला पाहिजे आणि तो दिसेनासा होताच गाडी थांबली पाहिजे. तो माणूस कारखान्याचाच असावा, शिकवलेला असावा आणि त्याला रेनकोट मिळालेला असावा. पायी चालणाऱ्यांना एवढेच सांगा की आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

कोर्टपायरी

कामगार कायद्याची बाजू थोडक्यात मांडते. १९४८च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली ‘७-अ’ हे कलम घालण्यात आले आणि कामाच्या जागी येण्याजाण्याचे मार्ग सुरक्षित राखणे हे भोगवटादाराचे, म्हणजे कारखान्याचा ताबा असणाऱ्याचे, कर्तव्य ठरले. त्याच अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये मार्गांवर अडथळा किंवा पाय घसरेल असा पदार्थ असू नये, असे म्हटले होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही मालकाचे हे कर्तव्य कायम आहे. कामगार ठेकेदाराचा आहे म्हणून मुख्य कारखान्याला अंग काढून घेता येत नाही.

‘लक्ष नव्हते’ या शेऱ्याविषयी मुद्दाम सांगते. १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, नुसता निष्काळजीपणा हा भरपाई नाकारण्याचा आधार नाही. नशा, सुरक्षेसाठी दिलेल्या स्पष्ट आदेशाचा हेतुपुरस्सर भंग, किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकणे, अशी मोजकीच कारणे त्यात आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाहीत. कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर भरपाईचा मार्ग त्या योजनेच्या महामंडळाकडे जातो. त्या ताईंना त्यांचा हक्क मिळाला की नाही, हे कृपया तपासावे.

सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती जुन्या अधिनियमात १००० कामगारांपासून होती. संहितेत ती कारखान्यांसाठी ५०० पासून आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० पासून आहे. आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक मासळी, काजू आणि आंबा प्रक्रिया कारखाने या आकड्याखालीच राहतात, त्यामुळे आवाराच्या सुरक्षेची जबाबदारी कोणा एकावर नसते. ती कोणावर तरी लेखी सोपवून घ्या.

काजूबोंडू

आमचा वेंगुर्ला तालुक्यात काजूचा लहान कारखाना आहे, बत्तीस बायका आणि सहा पुरुष. आवार इतके लहान आहे की कठडा घातला तर टेम्पो वळणारच नाही. म्हणून आम्ही जागेऐवजी वेळ वाटून घेतली. सकाळी पावणेनऊ ते सव्वानऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच फाटकाला साखळी असते, कोणतेही वाहन आत किंवा बाहेर जात नाही. पोती आणणाऱ्याला ही वेळ आधीच फोनवर कळवलेली असते. खर्च फक्त साखळीचा झाला. पहिल्या महिन्यात दोन व्यापाऱ्यांनी कुरकूर केली. आमच्या वडिलांनी त्यांना चहा पाजून बसवून ठेवले, पण साखळी काढली नाही.

मासळीला इतका वेळ थांबता येत नाही, हे मी जाणते. तरीही दहा मिनिटांची साखळी तुम्हालाही शक्य होईल का, पाहावे.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कोर्टपायरी ताई, तुम्ही विचारल्यावर मी कागद काढून पाहिले. त्या ताईंना विमा योजनेतून पहिल्या तीन महिन्यांचाच लाभ मिळाला होता. उरलेल्याचा अर्ज आता दाखल केला आहे आणि चौकशीच्या कागदाला माझे पुरवणी निवेदन जोडले आहे. सुरंगी काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस गच्चीवर बसून नकाशा केला. मासळीचे टेम्पो आणि पायी माणसे फाटकाजवळ एकमेकांच्या वाटेत येतात हे अपेक्षितच होते, पण दुचाकी लावण्याची जागा बर्फाच्या धक्क्यामागे आहे आणि प्रत्येक दुचाकीस्वार गाडी लावून मागे येणाऱ्या टेम्पोंमधून पायी परत येतो, हे इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

खाडीकाठ (धागाकर्ता), गणपतीच्या सुट्टीनंतर

झालेले काम कळवतो, कारण इथल्या सल्ल्यावर ते उभे आहे. कठड्याचे काँक्रीट मे महिन्यातच ओतून घेतले. दुचाक्या फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत नेल्या. बर्फाच्या गाड्या आता शेडला वळसा घालून सरळच बाहेर पडतात. त्यासाठी जुने भंगार हलवावे लागले, भिंत पाडावी लागली नाही. मागे घेणे फक्त शीतकंटेनरपुरते उरले आहे आणि त्या पट्ट्याला कुलूप लागणारे जाळीचे दार आहे. सकाळी ७.४० ते ७.५५ साखळी लागते. पंधरा मिनिटे बर्फातली मासळी थांबते, हे व्यवस्थापनाला पटायला आठवडा गेला.

अडचणी आहेतच. गौरी-गणपतीसाठी माणसे गावी गेली आणि परतताना निम्म्या बायका नव्या आल्या. त्यांना वाट दाखवण्याचे काम आम्ही लेखी नेमले नव्हते, आता ते नेमले आहे. रात्री ओल्या काँक्रीटवर दिव्यांची चकाकी पडते आणि चालकाला कठड्याची कड दिसत नाही. दिव्यांची दिशा बदलून पाहतो आहोत.

काजूबोंडू

अभिनंदन. पायी येणाऱ्यांसाठी वेगळे लहान फाटक काढले असेल तर त्याचे माप कळवावे. आम्हीही कुंपणात एक काढणार आहोत.

खाडीकाठ (धागाकर्ता)

काजूबोंडू, माप सांगतो, आणि आमची चूकही. भिंत फोडून आम्ही आधी ९० सेंटिमीटरचे फाटक बसवले होते. पहिल्या जोरदार पावसात उघडी छत्री त्यात अडकू लागली, मिटली तर डबा आणि कपडे भिजत, म्हणून दोन दिवसांत बायका पुन्हा मोठ्या फाटकातून येऊ लागल्या. आता ते १२० सेंटिमीटर केले आहे आणि आतल्या बाजूला चार पावलांचे पत्र्याचे छप्पर घातले आहे. छप्पर विसरू नका. छत्री मिटायला आणि डोके वर करून समोर पाहायला तेवढी कोरडी जागा लागते.